विजयदुर्गाचा बुजलेला खंदक पुन्हा खणावा का?

वाघोटणकाठ: विजयदुर्गावर येणारा माणूस समुद्राकडचे बुरूज डोळे भरून पाहतो, परंतु ज्या पूर्वेच्या बाजूने तो आत येतो तिथेच गडाची खरी परीक्षा होती, हे त्याच्या ध्यानात येत नाही. तिथला खंदक बुजवून वरून रस्ता नेला गेला आणि चहूबाजूंनी पाणी असलेल्या गडाला आता तीनच बाजूंनी समुद्र उरला. खुश्कीच्या, म्हणजे जमिनीच्या, बाजूचा पडकोट (मुख्य तटाबाहेरचा तट) आणि दरवाजा आड घेणारी जिभी (दारापुढची भिंत) यांचा अर्थ खंदकाशिवाय पुरता लागत नाही. युनेस्कोने २०२५ मध्ये जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत विजयदुर्ग आहे, आणि ते मानांकन लष्करी भूरचनेचे आहे. म्हणून खंदक मोकळा करून रस्त्यासाठी पूल बांधावा, असे माझे ठाम मत आहे.

गिर्येवाला: मी या सूचनेच्या पूर्ण विरोधात आहे. बुजलेला खंदक हा पुराव्याचा साठा असतो. तळाचा गाळ, वर ढासळलेले चिरे, खापरे, गंजलेले लोखंड आणि शेवटी भराव, असे थर अशा ठिकाणी सापडू शकतात. ते हाताने, नोंद ठेवत उकलावे लागतात आणि जेसीबी लावला तर दुपारपर्यंत सगळे एकत्र होऊन जाते. शिवाय आतल्या तटाच्या पायाला आज तो भराव टेकू देत असेल, तर आपल्याकडच्या पावसात तो काढणे म्हणजे तट पाडण्याची तयारी करणे होय. केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे, तेव्हा नव्या पुलाचे काय करणार?

बंदरकर: तटाच्या सांध्यांत वड-पिंपळ रुजून चिरे सुटत आहेत. पैसा आधी तिथे लागू द्या.

वाघोटणकाठ: झाडांचे काम आधी व्हावे, हे मान्य. जेसीबीचे नाव मी घेतलेले नाही. उत्खनन पुरातत्त्व खात्यानेच करावे आणि पायाची तपासणी झाल्याशिवाय मातीला हात लावू नये. पण बुजलेलेच राहू द्यावे, हे मला पटत नाही. १७२० मध्ये इंग्रजांना आणि १७२४ मध्ये डचांना हा गड समुद्रातून घेता आला नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये मात्र इंग्रज नौदल अधिकारी वॉटसनच्या आरमाराने तोफा डागल्या, गड ताब्यात असलेल्या तुळाजी आंग्र्यांची गलबते जळाली, आणि इंग्रज सेनानी क्लाइव्हने फौज किनाऱ्यावर उतरवून जमिनीची वाट रोखली. गडाच्या पडण्यात खुश्कीची बाजू एवढी मोलाची असताना तीच बाजू डांबराखाली ठेवायची, हे कसे?

गिर्येवाला: मग निदान रस्त्याच्या कडेला एकच आडवा चर घ्या, खंदकाची रुंदी व खोली मोजा, चर पुन्हा भरा आणि ती रेषा दगडी फरशीने दाखवा. याहून अधिक खणण्याला माझी संमती नाही.