कातरचित्रातले सुटे भाग गळून पडू नयेत म्हणून काय करावे, आणि कोणाचे काम पाहावे?

प्रश्न (चिपळूणहून)

माझे वडील गणपतीच्या मखरासाठी पुठ्ठा आणि घोटीव कागद कोरून महिरपी करीत असत. ब्लेड धरायला मी त्यांच्याकडेच शिकले, आणि गेली तीन वर्षे एकाच काळ्या कागदातून अखंड चित्र कोरण्याचा प्रयत्न करीत आहे. सध्या पिंपळाखाली बसलेल्या एका म्हातारीचे चित्र हाती घेतले आहे. परंतु तिच्या डोळ्यातले बुबुळ चहूबाजूंनी कापले की निखळते, ते मागून गोंदाने चिकटवावे लागते आणि मग चित्र एकसंध राहत नाही. हे टाळावे कसे?

दुसरी गोष्ट मनाला लागलेली आहे. एका स्थानिक प्रदर्शनात माझे काम चित्रांच्या दालनात न लावता हस्तकलेच्या टेबलावर, तोरणांच्या शेजारी ठेवले गेले. तोरणांविषयी मला आदरच आहे, पण कातरकामाकडे चित्र म्हणून पाहणारे आजचे कलावंत कोण आहेत, हे जाणून घ्यायचे आहे.

प्रतिसाद १

आपल्या अडचणीचे उत्तर मथुरा-वृंदावनच्या सांझीत सापडेल. आपल्याकडच्या भाद्रपद वद्य पक्षात, म्हणजे पितृपक्षात, तेथील मंदिरांत कोरलेल्या कागदांतून रंगांची पूड चाळून जमिनीवर कृष्णलीला रेखाटतात. आपल्या रांगोळीच्या छाप्यासारखेच हे तत्त्व असले, तरी एकाच चित्रासाठी निरनिराळ्या रंगांचे वेगवेगळे कागद कोरावे लागतात आणि ते एकावर एक अचूक बसावे लागतात. असा कागद उचलताना त्यातला कोणताही भाग सुटा राहून चालत नाही, म्हणून मोराच्या पिसाचा डोळाही एखाद्या बारीक दुव्याने शेजारच्या रेषेला बांधलेला असतो. कसबी कारागीर हे दुवे लपवीत नाहीत. पानाची शीर, पाण्याची लाट किंवा जाळीची नक्षी म्हणून तेच चित्रात मिरवतात. राम सोनी यांचे काम आपण अवश्य पाहावे. त्यांनी ही कात्री मंदिराबाहेर आणली आणि झाडे, पक्षी, माकडे यांची स्वतंत्र चित्रे केली.

एक साधी परीक्षा सांगतो. कोरण्यापूर्वी चित्र जाड काळ्या पेनाने भरून घ्यावे आणि कोणत्याही काळ्या ठिपक्यावर बोट ठेवून ते न उचलता काळ्यावरूनच कडेच्या चौकटीपर्यंत जाता येते का, ते पाहावे. जेथे बोट अडते, तो भाग गळणार.

प्रतिसाद २

प्रदर्शनाच्या अनुभवाविषयी लिहिते, कारण माझ्या मते प्रश्नाचा गाभा तेथे आहे. छायाचित्रण येण्यापूर्वी युरोप-अमेरिकेत काळ्या कागदातून माणसाची बाजूची आकृती कापून देण्याची मोठी चलती होती; ते स्वस्त होते आणि घरबसल्या करण्याचा विरंगुळा म्हणूनच त्याची गणना होत असे. कॅरा वॉकर या अमेरिकी कलावतीने नेमका तोच दुय्यम मानलेला प्रकार उचलला. १९९४ साली न्यूयॉर्कच्या ड्रॉइंग सेंटरमध्ये त्यांनी सुमारे पंधरा मीटर लांबीच्या पांढऱ्या भिंतीवर जवळजवळ माणसाच्या उंचीच्या काळ्या आकृत्या चिकटवल्या. दुरून झालरीचे घागरे, झाडे, चंद्र असे गोड दृश्य दिसते. जवळ गेल्यावर कळते की ही गुलामगिरीच्या काळातल्या हिंसेची चित्रे आहेत. तेथे शोभिवंतपणा हाच पाहणाऱ्याला जवळ ओढतो, आणि म्हणूनच आतला आघात जिव्हारी लागतो. सजावट म्हणजे आशयाचा अभाव, हा समज सोडून द्यायला एवढे एक उदाहरण मला पुरेसे वाटते.

मूळच्या फ्रान्सच्या आणि न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या बेआत्रीस कोरों टायव्हेक या न फाटणाऱ्या कृत्रिम कागदात अख्खी शहरे कोरतात. खिडकी-खिडकीत वेगळी गोष्ट चालू असते, तरी सगळे एकाच तुकड्यात. अहमदाबादचे पार्थ कोठेकर यांची बारीक कापणीही पाहावी.

प्रतिसाद ३

थोडे साहित्याविषयी. शस्त्रक्रियेचे ११ नंबरचे पाते ३ नंबरच्या मुठीत बसते आणि बारीक कामाला ते उत्तम. टोक बोथट झाले की कागद कापला न जाता ओढला जातो, तेव्हा पाते बदलण्यात काटकसर करू नये. आतले बारीक भाग आधी कोरावेत, बाहेरची कड सर्वांत शेवटी, आणि वळणावर मनगट न वळवता कागद फिरवावा. कोकणातल्या पावसाळ्यात कागद ओल धरून फुगतो, म्हणून काम अर्धवट असेल तर ते दोन सपाट पुठ्ठ्यांमध्ये दाबून ठेवावे. चौकट करताना आम्लविरहित कागद वापरावा आणि काच चित्राला टेकू देऊ नये.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बोटाची परीक्षा कालच करून पाहिली आणि एकूण सात ठिकाणी बोट अडले. बुबुळ आता वरच्या पापणीला टेकवले आहे, त्यामुळे म्हातारीची नजर किंचित वर, पिंपळाच्या पानांकडे गेली. माझ्या कच्च्या रेखाटनात ती समोर पाहत होती, पण हीच नजर अधिक खरी वाटते. उरलेले सहा दुवे पारंब्या म्हणून काढावेत असे मनात आले होते, मात्र पिंपळाला पारंब्या नसतात. तेव्हा तिच्या लुगड्याच्या चुण्यांत ते कसे बसवता येतील, ते आज रात्री पाहते.