मदत हवी आहे: अण्णांच्या मूत्राशयात 34 मिमीचा खडा, चीर की दुर्बीण?

नमस्कार मंडळी. आमचे अण्णा, वय 72, देवगडजवळ राहतात. वर्षभर लघवीची धार मधेच तुटते. जरा कूस बदलली की परत सुरू. रात्री चार-पाचदा उठतात. कोणाला पत्ता लागू दिला नाही. कुळथाचं कढण, पानफुटीची पानं सगळं गुपचूप करून झालं. लघवी लाल झाली तेव्हा कुठे आईने मला फोन केला.

सोनोग्राफीत मूत्राशयात 34 मिमीचा खडा, प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढून 58 ग्रॅम, आणि लघवी करून आल्यावरही पिशवीत 140 मिली शिल्लक.

इथले सर्जन म्हणतात, एवढा खडा ओटीपोटात चीर देऊनच काढू. कोल्हापूरचे युरॉलॉजिस्ट म्हणतात, लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून लेसरने फोडू आणि त्याच वेळी प्रोस्टेटही खरवडू. 'एका वेळी दोन' ऐकून अण्णांनी धसका घेतलाय. "खडो काढा. बाकी माका काय्येक झाला नाय."

एवढा खडा लेसरने फुटतो का? प्रोस्टेट तसंच ठेवलं तर? अ‍ॅस्पिरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू आहे, त्याचं काय? आणि लघवीची नळी लावलेल्या माणसाला गगनबावड्याच्या घाटातून आणायचं कसं? (हसू नका, आईची सगळ्यात मोठी काळजी हीच.)

कातळकडा: माझ्या सासऱ्यांचा खडा जवळपास एवढाच होता, लेसरने फोडला. कमरेखाली भूल, बारीक तुकडे धुऊन काढले, दुसऱ्या दिवशी चालत होते. दोन-चार दिवस लघवी गुलाबी होती, घाबरू नका. नळी काढून, लघवी नीट होते हे बघूनच घरी सोडलं, त्यामुळे घाटाचा प्रश्नच आला नाही. तुम्हीही दोन दिवस जास्त राहा.

भरतीओहोटी: मी युरॉलॉजी वॉर्डात नर्स आहे. या वयात मूत्राशयातला खडा बहुतेकदा लघवी पूर्ण बाहेर न पडल्याने होतो. नुसता खडा काढला आणि वाढलेल्या प्रोस्टेटचा अडथळा तसाच ठेवला तर पुन्हा होऊ शकतो, म्हणून दोन्ही एकत्र करतात. अण्णांना ते 140 मिली ग्लासात ओतून दाखवा, पटेल. खडा फारच मोठा किंवा टणक असेल तर ओटीपोटावर लहान छिद्र पाडून तिथूनही फोडून काढतात. तो पर्याय विचारा. चिरेची शस्त्रक्रिया चुकीची नाही, पण नळी आणि मुक्काम दोन्ही लांबतात. आधी लघवीचं कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, करा. जंतू असले तर आधी अँटिबायोटिक. अ‍ॅस्पिरिन स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी सुरू केली त्यांना विचारा. आणि थंडीताप आला किंवा लघवी अजिबात होईना, तर तारखेची वाट न बघता गाठा हॉस्पिटल.

धागाकर्ता: आभार ताई. ग्लासाचा प्रयोग केला. अण्णा बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आंब्याच्या फवारणीआधी घरी येऊचो ना मी?" कल्चरला उद्या देतोय.