विषय: वेंगुर्ल्याचं पार्लर आणि ब्रॅम्प्टनचं लायसन्स

प्रेषक: मंडळाची माजी खजिनदार (सध्या मुक्काम वेंगुर्ला)

नमस्कार मंडळी,

गणपतीसाठी माहेरी आलेय. सकाळपासून तीनदा लाइट गेली म्हणून ही मेल तुकड्यातुकड्यात लिहितेय, कुठे काय तुटलं असेल तर सांभाळून घ्या.

काम असं की माझी भाची आणि जावई, दोघांची कॅनडाची पीआर (तिथे कायम राहायची परवानगी) झाली, मार्चमध्ये ब्रॅम्प्टनला येतायत. हिचं इथे घराच्या पडवीतच पार्लर आहे, आठ वर्षं झाली, आणि आज तर काय विचारू नका, चाकरमानी उतरलेत सगळे, त्यामुळे बाहेर बाकावर पाच जणी, आत खुर्चीत एक, आणि एकीच्या डोक्याला रंग लावून तिला माजघरात आईसोबत निवडायला भाजी देऊन बसवलीय. मुंबईहून आलेल्या एकीने आरशात बघून सांगितलं, अगं हाच कट तिकडे बाराशेला बसतो मला. झालं, तेव्हापासून बाईसाहेब हवेत. तिथे उतरल्यावर आठवड्यात कुठल्यातरी सलोनमध्ये लागेन म्हणतेय.

मी म्हटलं थांब, मंडळात विचारते. लायसन्स लागतं एवढं माहितीये, पण कशाला लागतं आणि कशाला नाही ते नक्की कोणी सांगेल का? हिच्याकडे कागद म्हणून काय आहे तर कुडाळला एका बाईंकडे सहा महिने शिकली त्याचं लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट, त्यावर कोपऱ्यात मोर आहे, तारीख नाही.

---

प्रेषक: मिसिसागावाली हेअरस्टायलिस्ट (मी पण गावीच, देवगड)

ताई, मोर वाचून हसले आणि मग हसू गेलं, कारण माझं पण असंच होतं, फक्त माझ्यावर कमळ होतं.

लांबलचक लिहितेय, सावकाश वाचा. ऑन्टारियोत, म्हणजे ब्रॅम्प्टनच्या प्रांतात, हेअरस्टायलिस्ट हा कंपल्सरी ट्रेड आहे, इलेक्ट्रिशियन-प्लंबरसारखा. म्हणजे केस कापणं, रंगवणं, पर्म, स्ट्रेटनिंग हे पैसे घेऊन करायचं तर तुमच्याकडे सर्टिफिकेट ऑफ क्वालिफिकेशन, म्हणजे तेच लायसन्स, पाहिजे नाहीतर तुम्ही रजिस्टर्ड अप्रेंटिस (नोंदणी केलेले शिकाऊ) पाहिजेत, हे सगळं स्किल्ड ट्रेड्स ऑन्टारियो ह्या प्रांताच्या संस्थेकडे. अप्रेंटिसचे एकूण ३५०० तास, त्यातले ३०२० सलोनमध्ये काम करत आणि ४८० वर्गात बसून.

पण आयब्रो, वॅक्सिंग, फेशियल, मेंदी, नखं ह्यासाठी माणसाला असं प्रांताचं लायसन्स लागतच नाही. लोक हे दोन्ही एकत्र करतात आणि घाबरतात, किंवा उलटं, आयब्रोला काही लागलं नाही म्हणून कात्री पण उचलतात. तर तुमची भाची आयब्रोच्या कामाला खरंच पटकन लागू शकते. मी लागले होते. प्लाझात एक वर्ष, दिवसाला आठ तास नुसत्या भुवया, मान गेली कामातून. आणि एक सवय आत्ताच मोडायला सांगा, दोरा दातात धरायची. मी पहिल्या दिवशी दोरा तोंडात घातला आणि मालकीणबाई धावत आल्या, तिथे टोक गळ्यात अडकवायचं. गळ्यात दोरा घेऊन हात जुळायला मला पंधरा दिवस लागले, इतक्या वर्षांचा हात असून.

आता केसांचं. बाहेरून शिकून आलेल्यांनी परत ३५०० तास काढायलाच पाहिजेत असं नाही. ट्रेड इक्विव्हॅलन्सी असेसमेंट म्हणून आहे, आधीच्या अनुभवाचे पुरावे द्यायचे, ते पटले की थेट परीक्षेला बसायचं, पास व्हायला ७० टक्के. परीक्षा इंग्लिशमध्ये आणि त्यात रंगाची केमिस्ट्री, टाळूचे आजार, निर्जंतुकीकरण असं सगळं येतं, नुसता हात चालून भागत नाही. पण त्याच्याआधीच लोक अडकतात, पुराव्यात. माझ्या मुंबईच्या जुन्या सलोनने पत्र दिलं होतं एका ओळीचं, "ह्या आमच्याकडे कामाला होत्या व त्यांची वागणूक चांगली होती". वागणूक! किती तास, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कट किती रंग किती, काहीच नाही. दुसरं पत्र मागवेपर्यंत दुकान बंद झालं होतं.

तर ताई, ब्रॅम्प्टनला काय करायचं ते नंतर बघू. जे करायचंय ते तुमच्या पडवीत करायचंय, मार्चच्या आत.

---

प्रेषक: स्कारबोरोचे काका

एवढा बाऊ कशाला. बेसमेंटमध्ये एक खुर्ची टाकायची, आपल्याच लोकांचे केस कापायचे, रोख घ्यायचे. कोण बघायला येतंय? आमच्या राजापुरात केस कापणारे आबा वडलांच्या हाताखाली शिकले, साठ वर्षं कापले, त्यांना कोणी सर्टिफिकेट विचारलं? हे सगळं फी गोळा करायचे धंदे आहेत.

---

प्रेषक: मिसिसागावाली हेअरस्टायलिस्ट

काका, तुमच्याबद्दल आदर आहे पण नव्याने आलेल्या मुलीला हा सल्ला देऊ नका. घरात खुर्ची टाकली तरी ते पर्सनल सर्व्हिस सेटिंगच (सलोन-पार्लरसारखी जागा) होतं, पब्लिक हेल्थवाल्यांना कळवावं लागतं, ते तपासायला येतात. टोरोंटोत तर बॉडीसेफचा, म्हणजे तपासणीच्या निकालाचा, कागद दारावर लागतो, हिरवा पिवळा किंवा लाल. ब्लेड एकदाच वापरायचं आणि शार्प्सच्या (धारदार कचऱ्याच्या) डब्यात टाकायचं, कोणाचं रक्त आलं तर त्याची नोंद ठेवायची. आणि आबांचं म्हणाल तर ते वडलांच्या हाताखाली किती वर्षं होते? तीच अप्रेंटिसशिप. फक्त ते कोणी लिहून ठेवलं नाही.

---

प्रेषक: पूर्वी ब्रॅम्प्टन, आता एडिसन (न्यू जर्सी), आणि ह्या क्षणी गुहागर

अख्खं मंडळ कोकणातच दिसतंय, पुढची मीटिंग इथेच घ्या, आमच्या अंगणात.

काकांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाहीये बरं का. अमेरिकेत हे राज्याराज्याला वेगळं आहे आणि काही ठिकाणी खरंच अति आहे. न्यू जर्सीत माझ्या जावेने केलं, कॉस्मेटोलॉजीला १२०० तास, नुसतं स्किन केअर घेतलं तर ६००. टेक्सासमध्ये आयब्रो थ्रेडिंगसाठी ७५० तासांचं लायसन्स मागायचे, मेकअप-फेशियल सगळं त्यात, दोरा धरायचा कसा हे सोडून. आपलेच देशी थ्रेडर कोर्टात गेले, २००९ साली, आणि २०१५ मध्ये टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. कोर्टाने म्हटलं की ७५० पैकी ३२० तासांपर्यंतच्या अभ्यासाचा थ्रेडिंगच्या प्रत्यक्ष कामाशी काही संबंध नाही. कॅलिफोर्नियात थ्रेडिंगला लायसन्समधून सूटच आहे. म्हणजे काका, नियम चुकीचा असेल तर तो असा मोडतात, बेसमेंटमध्ये नाही.

आणि कॅनडातच ब्रिटिश कोलंबियात केस कापायला सक्तीचं लायसन्स नाही, पण जावयाची नोकरी ब्रॅम्प्टनला असेल तर त्याचा काय उपयोग.

---

प्रेषक: मंडळाची माजी खजिनदार (वेंगुर्ला)

सगळ्यांचे आभार. काल गौरी जेवल्या, आज जरा उसंत आहे, म्हणून हिला घेऊन बसले.

आधी हिशेब केला. आठ वर्षं, वर्षाचे साधारण तीनशे दिवस, दिवसाला सहा तास धरले तर १४,४०० तास होतात, ही एकदम खूश. मग मी विचारलं ह्यात केसांचं काम किती? गप्प झाली. इथे बाई येते ती आयब्रोला, सणाला फेशियल, लग्नाला मेंदी आणि खोपा. केस कापायला आत्ता आत्ता यायला लागल्यात. धरून धरून एक तृतीयांश, म्हणजे ४,८००. तरी ३५०० च्या वर आहे, पण हे ४,८०० सांगणार कोण?

गुमास्ता (दुकानाची नोंदणी) विचारला तर नाही. आपल्याकडे २०१७ च्या दुकान कायद्यात थोडीच माणसं असली तर नुसतं ऑनलाइन कळवायचं असतं, ते पण हिने केलेलं नाही, कारण कोणी विचारलंच नाही. आठ वर्षं धंदा करून सरकारच्या लेखी ही पोरगी घरी बसून आहे. माझा जीव चरफडला, पण आता तिच्यावर चिडून काय.

मग वहिनीच म्हणाली, अगो पण ती वही आहे ना. वही म्हणजे पेट्रोल पंपाकडून मिळणाऱ्या डायऱ्या, दर वर्षीची एक, गोदरेजच्या कपाटात साड्यांखाली. त्यात रोजचं लिहिलंय, कारण उधारी असते. "सरपंचीण, कट, ८० बाकी." "पोस्टातली, रूट टच (मुळांपुरता रंग), दिले." नावं नाहीतच, पण तारीख आहे, काम आहे, पैसे आहेत. दोन वर्षांच्या डायऱ्या पावसाने गेल्यात, पानं चिकटून वडी झालीय, हिरवी बुरशी, वास येतोय. बाकीच्या सहा चांगल्या आहेत. कोल्हापूरच्या होलसेलवाल्याची रंगाची बिलं एका पिशवीत सापडली, आणि फोनवर पैसे घ्यायला लागल्यापासूनचं सगळं बँकेत दिसतं.

तर आता असं ठरलंय. डायऱ्यांची पानं स्कॅन करायची, त्यातून केसांचं काम वेगळं काढून महिनावार तक्ता मी करणार (खजिनदार होते ते कुठेतरी कामाला येईल). दुकानाची आणि उद्यमची (सरकारकडे छोट्या धंद्याची) नोंदणी ह्याच महिन्यात, मागची वर्षं त्यात येणार नाहीत पण निदान कुठेतरी नाव लागेल. कुडाळच्या बाई भेटल्या, त्या आता क्लास घेत नाहीत पण तारखा आणि तास घालून नवीन पत्र देते म्हणाल्या, शिवाय ॲफिडेव्हिट. त्यांनी मोर ठेवू का विचारलं. नको म्हटलं.

मिसिसागावाल्या ताई, एक राहिलं, महिनावार तक्त्यात कट आणि रंग वेगळे दाखवू की एकत्र चालतील? आणि देवगडहून परवा निघायच्या आधी इकडे जेवायला या, वही बघूनच सांगा.

---

प्रेषक: मिसिसागावाली हेअरस्टायलिस्ट

वेगळे. रंगात पण रूट टच आणि ग्लोबल (सगळ्या केसांचा रंग) वेगळे, स्ट्रेटनिंगचा रकाना निराळा. मूळ डायऱ्या टाकू नका, बुरशीवाल्या पण नाही, उन्हात घाला.

आणि भाचीला सांगा, बॅगेत मेंदीचे कोन भरताना ती झटपट काळी होणारी घेऊ नको. त्यात बऱ्याचदा पीपीडी नावाचं रसायन असतं, केसांच्या रंगात चालतं पण थेट कातडीला लावायला कॅनडात बंदी आहे, एखाद्या पोरीच्या हाताला फोड आले की आयब्रोचं काम पण जाईल. साधी पाल्याची आण म्हणावं.

परवा येते. सोलकढी करून ठेवा.