'बोथ आर नॉट अटॅच्ड' चालवून घ्यायचं का?

शाईपेन:
ऑफिसात रोज दिसणारं वाक्य: 'बोथ डॉक्युमेंट्स आर नॉट अटॅच्ड.' लिहिणाऱ्याला सांगायचं असतं की पॅन आणि पत्त्याचा पुरावा, दोन्ही आलेले नाहीत. वाचणारा समजतो, दोन्ही मिळून नाहीत, म्हणजे एक पोचलाय. तो एकच कागद पाठवतो आणि फाईल पुन्हा लटकते. सरळ 'नायदर डॉक्युमेंट इज अटॅच्ड' लिहा, नाहीतर 'बोथ आर मिसिंग'. माझ्या मते ही चूकच आहे, चालवून घेऊ नये.

गावठी_इंग्रज:
उगाच कीस पाडताय. आपल्याकडे सगळे असंच लिहितात आणि सगळ्यांना कळतं. 'दोन्ही जोडलेले नाहीत' हे मराठीत स्वच्छ आहे, तेच इंग्रजीत उतरलं. 'नायदर' लिहिलं की साहेबी थाट वाटतो.

बग_पकड्या:
कळतं? मी टेस्टिंगमध्ये आहे. 'बोथ बटन्स आर नॉट वर्किंग' असा बग आला की डेव्हलपर विचारतो, एकेकटं चालतं का? 'दोन्ही मिळून नाही' आणि 'दोन्हींपैकी एकही नाही' यातला फरक तर्कशास्त्रातल्या डी मॉर्गनच्या नियमात मांडलेला आहे. (हे गृहस्थ 1806 साली मदुराईत जन्मले, म्हणजे तसे आपलेच!) कोडमध्ये ही गफलत केली तर प्रोग्रॅम चुकतो, मग ईमेलमध्ये माफ का?

निवृत्त_मास्तर:
ही रचना आपण शोधलेली नाही. 'ऑल दॅट ग्लिटर्स इज नॉट गोल्ड' ही म्हण इंग्रजांचीच. तिचा अर्थ 'चमकणारं काहीच सोनं नसतं' असा कोणी घेत नाही. 'सगळंच सोनं नसतं' असा घेतात. म्हणजे मुंबईत 'बोथ... नॉट'चा अर्थ 'एकही नाही', पण लंडनचा वाचक त्याच म्हणीच्या वळणाने 'दोन्ही मिळून नाहीत, एक आहे' असा लावू शकतो. खरा धोका तिथे आहे.
त्याहून वाईट म्हणजे 'आयदर इज मिसिंग'. त्याचा अर्थ दोहोंपैकी कुठलातरी एक गायब. दोन्ही गायब असताना हे लिहाल तर वाचणाऱ्याची दिशाभूल होईल.
'नायदर ऑफ देम आर' ऐकलं म्हणून मात्र कुणाला टोकू नका. लेखी इंग्रजीत 'इज' बरं, बोलताना 'आर' इंग्रज लोकही सर्रास वापरतात.

गावठी_इंग्रज:
आणि 'नायदर द फॉर्म नॉर द फोटोज' पुढे काय, इज की आर?

निवृत्त_मास्तर:
जवळचं नाम बघा. फोटोज जवळ, म्हणून 'आर'. क्रम उलटा केलात तर 'इज'.

गावठी_इंग्रज:
बघा, म्हणूनच मी 'नायदर'च्या वाटेला जात नाही. 'बोथ आर मिसिंग' घेतो. त्यात 'नॉट' नाही आणि मास्तरही लागत नाहीत.

शाईपेन:
चालेल की! मी पहिल्याच पोस्टमध्ये तेच लिहिलं होतं.