परदेशातल्या वर्गाला आपला दिवस सांगताना

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० साली ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा दहा लाख डॉलरची चर्चा फार झाली. निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटली, याचीही झाली. पण भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा वैर असलेल्या देशांतल्या मुलांना त्यांनी एकमेकांशी बोलतं केलं, त्याबद्दल कमी बोललं गेलं. मला ते काम पुरस्काराहून मोठं वाटतं.

तुमच्यापैकी अनेकांनी आपापल्या परीने असं काही केलंय. पत्रं, व्हिडिओ, कॉल, काहीही. अहवालात लिहिता ते नको. मुलांनी आपल्या रोजच्या जगण्यातलं काय सांगितलं, तिकडून काय आलं, आणि नंतर वर्गात काय बदललं, ते लिहा. शिक्षक, पालक, तेव्हाचे विद्यार्थी, सगळ्यांनीच.

शिक्षिका, माण तालुका

आमची शाळा द्विशिक्षकी. पुण्यात जपानी शिकणाऱ्या भाचीमुळे जपानमधल्या एका प्राथमिक शाळेशी ओळख झाली, दुभाषीही तीच. त्यांचं घड्याळ साडेतीन तास पुढे. आमचा दहाचा परिपाठ म्हणजे त्यांचा दीड, जेवण उरकून शाळा साफ करायची वेळ. पहिल्याच कॉलला आमच्या मुलांनी पाहिलं ते हे, की पोरं रांगेत ओणवी झाली आणि ओलं फडकं दोन्ही हातांनी दाबत फरशीवरून पळत सुटली. दुसऱ्या दिवशी आमच्या व्हरांड्यात त्याची शर्यत लागली.

शाळा झाडणं आमच्या मोठ्या मुलांना कमीपणाचं वाटायचं, कारण शहरातल्या आत्येभावाच्या शाळेत त्याला शिपाई असतो. जपानमध्येही मुलंच झाडतात म्हटल्यावर ती कुरकुर थांबली. मी वर्षानुवर्षं श्रमप्रतिष्ठेवर बोलत आले होते, त्याने हे झालं नव्हतं.

त्यांच्याकडे मुलंच पांढरे अॅप्रन आणि टोप्या घालून वर्गात वाढतात. रोज प्रत्येकाला २०० मिलिलिटर दूध. दुधाचं नाव निघाल्यावर आमचा चौथीतला एक मुलगा उठला. तो सकाळी किटली घेऊन डेअरीवर जातो. फॅट किती लागते त्यावर दर ठरतो, पावसाळ्यात हिरवा चारा जास्त झाला की फॅट उतरते, मग वैरणीत कडबा वाढवायचा, हे त्याने न अडखळता सांगितलं. तिकडच्या मुलांनी वह्या काढून लिहून घेतलं. गणितात मागे म्हणून शेवटच्या रांगेत बसणारा हा मुलगा. तो आता डेअरीचं कार्ड आणतो आणि आम्ही त्याच्यावरच दशांश अपूर्णांक शिकतो. पोषण आहाराची खिचडी वाढायचं कामही पाचवीने मावशींकडून मागून घेतलंय.

पालक, पुणे

आमच्या मुलीच्या शाळेत महिनाभर तालीम झाली. नऊवारी, फेटे, लेझीम, पाठ केलेलं स्वागतपर भाषण. पलीकडच्या मुलांनी ‘तुम्ही डब्यात काय आणता’ एवढंच विचारलं, तर बाईंनीच उत्तर दिलं. एकाही मुलाला तोंड उघडता आलं नाही. फार वाईट वाटलं.

शिक्षक, बीड जिल्हा

इंग्लंडमधला वर्ग. हिवाळ्यात आमचे दुपारचे तीन वाजतात तेव्हा त्यांचे साडेनऊ. दिवाळी झाली की आमचा निम्मा गाव कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातो. मागे राहिलेली मुलं हंगामी वसतिगृहात. ठरलेला विषय होता ‘माझं घर’, आणि मी तो बदलणार होतो. आमच्या मुलांची गरिबी कुणी हळहळत बघावी हे मला नको होतं.

सहावीतली एक मुलगी म्हणाली, “सर, मी कोपी सांगणार.” कोपी म्हणजे ऊसतोड मजुरांची तात्पुरती झोपडी. आदल्या हंगामात ती आईवडिलांबरोबर उसाच्या फडावर होती. तिने फळ्यावर कोपी काढली. चूल कुठे, पाण्याची घागर कुठे, बैल कुठे बांधायचे, धाकट्या भावाला झोळीत टाकून ती वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, कशी गोळा करायची. उचल म्हणजे काय तेही सांगितलं: पैसे आधी घ्यायचे आणि ऊस तोडून फेडायचे. तिकडून प्रश्न आले ते असे. बैलांची नावं काय? अवकाळी पाऊस आला तर झोपायचं कुठे? उसाचं पातं हाताला कापतं का? एका मुलाने विचारलं, तुझी परीक्षा कोण घेतं? यावर ती गप्प बसली आणि माझ्याकडे बघितलं. त्या प्रश्नाचं उत्तर मला द्यावं लागलं, आणि ते देणं सोपं नव्हतं.

विषय मी बदलला नाही याचं समाधान आहे. घरातलं काय दाखवायचं, काय झाकायचं, हे तिला माझ्याहून चांगलं कळत होतं.

तेव्हाची विद्यार्थिनी, गोंदिया

आम्ही ‘मिस्टरी स्काइप’ खेळलो होतो. समोरचा वर्ग कुठल्या देशातला ते हो-नाही प्रश्नांनी ओळखायचं. समुद्र आहे का? हो. चीनची सीमा लागते का? हो. नकाशावर बोट फिरवत फिरवत व्हिएतनाम सापडला. मग खरी गंमत सुरू झाली, कारण तेही धानवाले! आमच्याकडे रोवणी, म्हणजे भाताची लावणी, पावसाची वाट बघत, त्यांच्या मेकाँगच्या खोऱ्यात वर्षाला दोन-तीन पिकं. घरी जाऊन बाबांना सांगितलं तर त्यांनी पहिलं विचारलं, पाणी कुठून घेतात? तो प्रश्न आम्ही पुढच्या कॉलला विचारला. स्काइप मे २०२५ मध्ये बंद झालं, पण हा खेळ कुठल्याही व्हिडिओ कॉलवर जमतो.

निवृत्त शिक्षक, दापोली

आमची पत्रमैत्री मॉरिशसशी, तीही मराठीतून. तिथल्या मराठी कुटुंबांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेले. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. मला वाटलं होतं, मुलं गणपतीवरच लिहितील. लिहिलं वादळांवर. ३ जून २०२०चं ‘निसर्ग’ आमच्या पोरांनी कौलं उडताना, पोफळी मोडताना पाहिलेलं. तिकडे चक्रीवादळाच्या इशाऱ्याचे एक ते चार वर्ग असतात आणि शाळकरी मुलांनाही ते पाठ. इशारा आला की पाणी भरून ठेवायचं, मेणबत्त्या, डबाबंद खाणं काढायचं, शाळा बंद. आमच्या मुलांनी ती यादी उतरवून घरोघरी लावली. त्यात ‘गोठ्यातली गुरं सोडा’ ही आपली ओळ घातली आणि उलट टपाली तिकडे कळवली.

आई, न्यू जर्सी

रविवारच्या मराठी शाळेतली मुलं नाशिक जिल्ह्यातल्या एका शाळेला व्हिडिओ पाठवतात. तिथला एक मुलगा द्राक्षबागांच्या कडेने एकटा चालत शाळेत जातो, वाटेत शेळी आजीकडे सोडतो. माझा मुलगा ते पुन्हा पुन्हा बघायचा. मग त्याने आपला दिवस सांगितला: पिवळी बस, कॅफेटेरिया आणि लॉकडाउन ड्रिल. दिवे बंद, दार बंद, कोपऱ्यात श्वास रोखून बसायचं. बंदूक घेऊन कुणी आलं तर, म्हणून. तिथल्या मुलांना वाटलं, लपाछपी. बाईंनी ते तसंच राहू दिलं नाही, शांतपणे समजावलं. पुढच्या व्हिडिओत त्या शेळीवाल्या मुलाने विचारलं, ‘तुला भीती वाटते का?’ मी हे आजवर विचारलं नव्हतं.

नवीन शिक्षक, धुळे

मला सुरुवात करायचीय. कॉलच करायचा का?

(मूळ लेखिका) सर, आधी दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवा. वीज आणि नेटवर्क यांच्या भरवशावर पहिलीच भेट ठेवू नका. पालकांची लेखी संमती घ्या, मुलांची पूर्ण नावं, पत्ते, फोन बाहेर जाऊ देऊ नका. युरोपातली शाळा असेल तर ऑगस्ट त्यांच्या सुट्टीचा, मे आपल्या, मध्ये दिवाळी आणि नाताळ. सप्टेंबर किंवा जानेवारी धरा. विषय मुलांनाच विचारा.