संयुक्त गृहकर्जावर बँकेने चुकीची थकबाकी नोंदवली. पतीची नोंद सुधारली, माझी का सुधारली नाही?

प्रश्न

माझ्या व पतीच्या नावे २०१६ पासून संयुक्त गृहकर्ज आहे. कर्ज देणारी बँक पुढे दुसऱ्या बँकेत विलीन झाली आणि कर्जखात्याला नवा क्रमांक मिळाला. त्या काळात आमच्या बचत खात्यातून हप्ते वेळेवर वजा झाले. परंतु ते कर्जखात्यात जमा न होता बँकेच्या सस्पेन्स खात्यात (कुठे जमा करायचे हे न ठरलेली रक्कम तात्पुरती ठेवण्याच्या खात्यात) पडून राहिले आणि तीन हप्ते थकल्याची नोंद क्रेडिट अहवालात गेली. ही चूक आपली असल्याचे शाखेने लेखी मान्य केले आहे. पतीने सिबिलकडे, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवून हा अहवाल देणाऱ्या क्रेडिट माहिती कंपनीकडे, ऑनलाइन तक्रार केल्यावर त्यांच्या अहवालातील नोंद सुधारली. माझ्या अहवालात मात्र त्याच कर्जापुढे अजूनही ९१ दिवसांची थकबाकी दिसते आणि त्यामुळे मुलीच्या शैक्षणिक कर्जासाठी सहकर्जदार म्हणून केलेला माझा अर्ज नाकारला गेला. शाखाधिकारी म्हणतात की, त्यांच्या संगणकावर खाते नियमित आहे, त्यामुळे त्यांना काही करता येत नाही. कर्ज एकच, चूक एकच, मग दुरुस्ती एकाचीच कशी? मी नेमके कोणाकडे आणि काय मागावे?

उत्तर १ (निवृत्त बँक अधिकारी, कर्ज विभाग)

ताई, कर्ज एक असले तरी क्रेडिट माहिती कंपनीकडे त्याची नोंद प्रत्येक कर्जदाराच्या नावाखाली स्वतंत्रपणे जाते. आपल्या पतीची तक्रार त्यांच्या अहवालापुरती होती. ती मान्य झाल्याने आपला अहवाल आपोआप दुरुस्त होतोच असे नाही.

आपण प्रथम दोन्ही अहवाल शेजारी ठेवून त्या कर्जाचा खाते क्रमांक, मालकीच्या प्रकारापुढील ‘संयुक्त’ हा शेरा आणि माहिती शेवटची कधी कळवली ती तारीख, या तीन गोष्टी ताडून पाहाव्यात. विलीनीकरणानंतर काही वेळा जुना क्रमांक बंद न होता तसाच उघडा राहतो, आणि सहकर्जदाराचे पॅन, जन्मतारीख किंवा नावाचे स्पेलिंग नव्या प्रणालीत वेगळे असेल, तर नवे खाते त्याच्या अहवालाला जोडलेच जात नाही. शाखेच्या पडद्यावर नवे खाते स्वच्छ दिसते, आपल्या अहवालात जुने खाते थकीत दिसते, आणि दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात. म्हणूनच ‘खाते नियमित आहे’ हे शाखेचे उत्तर आपण अंतिम मानू नये.

क्रेडिट माहिती कंपनी बँकेच्या होकाराशिवाय नोंद बदलत नाही. त्यामुळे दुरुस्ती बँकेच्या मूळ माहितीत व्हायला हवी आणि ती चारही कंपन्यांना, म्हणजे ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क यांना, कळवली जायला हवी. या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. चारही मागवा, कारण शैक्षणिक कर्ज देणारी बँक कोणता अहवाल पाहील हे आपल्या हातात नसते.

उत्तर २ (ग्राहक प्रकरणे पाहणारा वकील)

वरील उत्तर योग्यच आहे. मी मुदतीविषयी लिहितो, कारण तोंडी फेऱ्या मारण्यात लोकांचा हक्क वाया जातो आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. रिझर्व्ह बँकेने २६ ऑक्टोबर २०२३ रोजी घालून दिलेला नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. त्यानुसार तक्रार दाखल झाल्यापासून ३० दिवसांत ती निकाली निघाली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळते. बँकेने २१ दिवसांत सुधारित माहिती पाठवली नाही, तर हा भार बँकेवर पडतो. बँकेने ती वेळेत पाठवूनही कंपनीने विलंब केला, तर कंपनीवर. दुरुस्तीची विनंती फेटाळायची असेल, तर कारण कळवणेही बंधनकारक आहे. हे दिवस मोजायचे तर तक्रारीची लेखी पोच आणि क्रमांक हवाच. क्रेडिट स्कोअर कसा काढला, या वादाला मात्र ही भरपाई लागू होत नाही. म्हणून तक्रारीत स्कोअरचा नव्हे, चुकीच्या नोंदीचा उल्लेख करावा.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (ग्राहकांच्या तक्रारींचे निवारण करणारा अधिकारी) रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार नोंदणीच्या संकेतस्थळावरून विनाशुल्क तक्रार करता येते. सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट माहिती कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आहेत. ही तक्रार वकिलामार्फत करता येत नाही, आणि आपल्याला त्याची गरजही नाही. त्याआधी त्याच विषयावर न्यायालयात दावा लावू नये, कारण मग लोकपाल ती विचारात घेत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. अहवाल ताडून पाहिले. माझ्या अहवालात जुनाच खाते क्रमांक आहे, तो उघडा दिसतो आणि विलीनीकरणानंतर त्यात काहीही कळवलेले नाही. पतीच्या अहवालात नवा क्रमांक आहे. आता जुने खाते पूर्णपणे काढून टाकण्याची मागणी करावी का?

उत्तर १ (पुन्हा)

तशी मागणी करू नये. जुने खाते पुसले गेले, तर आपण वर्षानुवर्षे वेळेवर फेडलेल्या हप्त्यांचा इतिहासही जाईल, आणि तो आपल्याला पुढे उपयोगी आहे. बँकेला द्यायच्या पत्रात दोन्ही क्रमांक लिहून अशी मागणी करावी की, हे दोन्ही एकाच कर्जाचे क्रमांक आहेत. तीन वादग्रस्त महिन्यांपुढील थकीत दिवस शून्य करावेत. जुने खाते नव्या खात्यात वर्ग झाल्याचे नोंदवावे. आणि नवे खाते माझ्या पॅनला संयुक्त कर्जदार म्हणून जोडावे. सोबत त्या महिन्यांचा बचत खात्याचा उतारा, कर्जखात्याचा उतारा आणि शाखेचे चूक मान्य करणारे पत्र जोडावे. आपले हे मागणीपत्र शाखेबरोबरच बँकेच्या नोडल अधिकाऱ्यालाही (तक्रारींसाठी नेमलेला अधिकारी) पाठवावे आणि क्रेडिट माहिती कंपन्यांकडील तक्रार त्याच दिवशी आपल्या स्वतःच्या नावाने नोंदवावी.

शैक्षणिक कर्जासाठी लगेच दुसऱ्या बँकांत अर्ज करू नयेत, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात उमटते. ज्या बँकेने अर्ज नाकारला, तिच्याकडेच शाखेचे पत्र आणि तक्रारींची पोच देऊन फेरविचाराची लेखी विनंती करावी. प्रवेशाची तारीख जवळ असेल, तर आपली नोंद सुधारेपर्यंत पतींना सहकर्जदार करता येईल का, हेही त्याच पत्रात विचारावे.