मदत हवी आहे: ओटीपी देऊन घेतलेली फाइल खराब निघाली, बँकेला कसं पटवू?

नमस्कार मंडळी,

तीन आठवड्यांपूर्वी एका संकेतस्थळावरून वाद्यांच्या आवाजांची साउंड लायब्ररी विकत घेतली. कार्डाने पैसे भरले, ओटीपी टाकला, लगेच लिंक आली. झिप फाइल उतरवली, पण ती उघडतच नाही. पुन्हा उतरवली. मग भावाच्या लॅपटॉपवर, वेगळ्या इंटरनेटवरून. तोच प्रकार.

विक्रेत्याने पानावर फाइलचा एसएचए-२५६ हॅश दिलाय (फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेली अक्षर-आकड्यांची ओळ; फाइल जराही बदलली की तीही बदलते). माझ्या तिन्ही प्रतींचे हॅश एकमेकांशी तंतोतंत जुळतात, पानावरच्याशी मात्र नाही. वाटेत बिघडली असती तर दर वेळी वेगळी बिघडली असती ना? म्हणजे त्यांच्या सर्व्हरवरच चुकीची फाइल आहे.

त्यांचं उत्तर: "आमच्या नोंदीत डाउनलोड पूर्ण दिसतंय, व्यवहार ओटीपीने झालाय, परतावा मिळणार नाही." डाउनलोड पूर्ण झालं हे मलाही मान्य आहे. पण उतरलं काय? खुर्ची मोडकी आली असती तर उचलून परत तरी पाठवली असती.

आता बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत विक्रेत्याकडून पैसे परत, मागणार आहे. ओटीपी दिला म्हणून माझा हक्क खरंच जातो का? आणि हॅश म्हणजे काय हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्यापुढे हा पुरावा कसा मांडू? फाइलमध्ये मीच ढवळाढवळ केली असं ते म्हणाले तर?

प्रतिसाद १

ओटीपीची धास्ती सोडा. थ्री-डी सिक्युअरचं (ऑनलाइन पैसे भरताना ओटीपी विचारणाऱ्या पद्धतीचं) संरक्षण विक्रेत्याला मिळतं ते "हा व्यवहार मी केलाच नाही" अशा तक्रारीत. तुमची तक्रार "माल वर्णनाप्रमाणे नाही" ही आहे. व्हिसा कार्डांच्या नियमांत तिला वेगळा कोड आहे, १३.३. अर्जात फ्रॉडचा पर्याय चुकूनही निवडू नका, तिथे ओटीपी तुमच्याच विरुद्ध जाईल. मुदत साधारण १२० दिवसांची असते, तरी थांबू नका. आधी विक्रेत्याकडे दाद मागितल्याचं दाखवावं लागतं, तेव्हा त्यांचं ते उत्तर जपून ठेवा.

हॅशला अर्जात "फाइलचा अंगठ्याचा ठसा" म्हणा, कुणालाही कळेल. त्यांचं पान आजच वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या तारखेसह प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर) जतन करा, उद्या हॅश बदलला तर पंचाईत. आणि लिंक चालू आहे तोवर, डाउनलोड सुरू करण्यापासून हॅश काढेपर्यंत एकसलग स्क्रीन रेकॉर्डिंग करा. ढवळाढवळीला जागाच उरत नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार. मी फ्रॉडच निवडणार होते! रेकॉर्डिंग आज रात्रीच करते.